चौदा खांद्यांची होडी

"बूड सपाट ठेवा," बाबा म्हणाले. "दोन माणसांक ढकलूक येयत अशी होडी होयी."

तातू मेस्तांनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि पडवीतून समोर पाहिलं. समोर म्हणजे आमचा समुद्र. सड्याखालच्या वाडीला खाडी नाही, धक्का नाही, आडोशाला एखादा खडकसुद्धा नाही. माड संपले की वाळू, वाळू संपली की लाटा. त्या दिवशी वारा पडलेला होता, तरी पुरुषभर उंचीची लाट किनाऱ्यापाशी येऊन कोसळत होती.

"वासुदेवानू, सपाट होडी खाडयेत चलता," मेस्त म्हणाले. "हंय ती लाटेत आडवी जातली. ह्या तुमका मी सांगूक होया?"

"माका म्हायत आसा."

"मगे?"

"बांधतास काय नाय, तेवढा सांगा."

मी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होते. तेव्हा मला एकोणीस पुरी होऊन विसावं लागलं होतं. नको तिथे नाक खुपसण्याची माझी सवय एवढी जुनी की आईने त्यावर बोलणंही सोडून दिलं होतं. आमची जुनी होडी, म्हणजे एका अंगाला लाकडी दांडा बांधलेली चिमुकली पात, दिवाळीच्या आधी तळाला कुजली होती. बाबा आणि माझा थोरला भाऊ जयवंत, दोघंच ती पाण्यात नेत आणि दोघंच वर ओढत. आता नवी बांधायची म्हणून खाडीपलीकडून तातू मेस्तांना बोलावलं होतं. होड्या बांधण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता.

जयवंतला खोल होडी हवी होती. खाली कणा, पुढे धारदार नाळ, लाटा कापत लांब जाणारी. सुरमई लांबच्या पाण्यात असते आणि आमची पात तिथवर कधी पोचली नव्हती. पण बाबांपुढे तो बोलत नसे. मला मात्र राहवत नव्हतं. बाराव्या वर्षापासून समुद्रावर वाढलेला माझा बाप, ह्या किनाऱ्याची लाट न् लाट ओळखणारा, तो खाडीतली होडी का मागतो? ते कोडं मला काही सुटेना.

मेस्त उठले. "तीन दीस ऱ्हवतंय," ते म्हणाले. "बघतंय, मगे सांगतंय."

आता होडी बांधणारा माणूस बघणार म्हणजे समुद्र बघणार, असं आपल्याला वाटतं. मेस्तांनी समुद्राकडे पाठच फिरवली. पहिल्या दिवशी ते भरतीच्या रेषेपासून माडांपर्यंत पावलं मोजत चालले, मग ओहोटीच्या रेषेपासून. वाळूचा चढ कुठे पायाखाली दबतो आणि कुठे घट्ट आहे, ते टाचेने दाबून पाहिलं. मग आमची कुजकी पात जिथे पालथी पडली होती तिथे उकिडवे बसले आणि तिच्या मागच्या वाळूकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "हंय उभी रव नको. वाळू मोडतली." त्या वाळूत काय होतं देव जाणे. मला तर बाबांची आणि जयवंतची सकाळची पावलं तेवढी दिसली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पांगाऱ्याच्या लाकडातून हातभर लांबीच्या तीन होड्या कोरल्या. पांगारा म्हणजे पोरांच्या खेळण्यांचं लाकूड, मऊ आणि हलकं. मी विचारलं, हे कुणाच्या नातवाला? ते म्हणाले, "तुकाच. चल."

आम्ही गुडघाभर पाण्यात गेलो. तिन्ही होड्यांत त्यांनी वजनाला गोटे भरले होते.

"ही तुझ्या बापाशीन मागलेली," ते म्हणाले आणि सपाट बुडाची पुढे ढकलली. दोन लहान लाटांवरून ती छान घसरत गेली. तिसरी लाट मोठी होती. होडीचं तोंड जरा कलंडलं, लाटेने तिला आडवी धरली आणि गोट्यांसकट उलटी केली. मेस्तांनी ती उचलून ओल्या वाळूवर ठेवली. "आता बोट लाव."

मी एका बोटाने ढकलली. ती पाटासारखी सरळ उभी होती आणि सरसर पुढे गेली.

दुसरी गोल बुडाची. ती उलटली नाही, पण इतकी डोलली की बघूनच मला मळमळलं. "ही बुडणा नाय," मेस्त म्हणाले, "पण जाळां ओढताना माणसाच्या पोटातला सगळा भायर येयत."

तिसरीला खाली कणा होता आणि पुढे धार. लाट आली की ती नाक वर करी, लाट दुभंगून पलीकडे जाई. पाच लाटा तिने अशा कापल्या. जयवंत तिथे असता तर नाचला असता. मग मेस्तांनी तीही वाळूवर ठेवली. ती लगेच एका कुशीवर कलंडली. मी बोट लावलं, हलली नाही. दोन्ही हात लावले, तर कणा वाळूत आणखीच रुतला.

"आता?" मी विचारलं.

"आता माणसां होयी." त्यांनी हात धुतले. "बिनखोडयेची होडी नसता गो चेडवा. कुठली खोड सोसतली, तेवढाच बघूचा."

"मेस्तांनू, बाबा सपाट होडी कित्याक मागतत?"

"ता तू माका सांग," ते म्हणाले. "घर तुझा."

मला अर्धंच ठाऊक होतं. पण ते सांगण्यासाठी आमच्या वाडीची रीत सांगायला हवी.

आमच्याकडे होडी ढकलायला किंवा ओढायला कुणी कुणाला बोलावत नाही. होडीचा मालक लाकडी मोगरी घेतो आणि नाळेवर तीन ठोके मारतो. ज्याला ऐकू येतं तो येतो आणि खांदा लावतो. होडी परत आली की खांदा दिलेला माणूस तिच्यातून एक मासा स्वतःच्या हाताने उचलून नेतो, न विचारता. ठोका ऐकूनही न जाणं हे पाप. आणि ठोका नसताना जाणं हा अपमान, कारण मालकाच्या अंगात बळ उरलेलं नाही असं तोंडावर सांगण्यासारखंच ते.

नऊ वर्षांपूर्वी बाबा वाडीच्या रापणीत होते. रापण म्हणजे मोठं जाळं. होडीतून ते अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायची. रापणीच्या होडीचे तांडेल, म्हणजे म्होरके, बाबांचे थोरले भाऊ आपाकाका. एका संध्याकाळी दोघांचं वाजलं. बाबांना बंदरात ट्रॉलरवर जायचं होतं, आपाकाका म्हणत होते की घरची रापण सोडून दुसऱ्याची चाकरी कशाला. दुसऱ्या दिवशी पहाटे आपाकाकांनी ठोके दिले. सगळे गेले, बाबा गेले नाहीत. पाण्याआधीच्या वाळूच्या उंचवट्यावर चढवताना होडीला एक खांदा कमी पडला, ती मागे घसरली आणि आपाकाकांच्या डाव्या पावलावरून गेली. ते पाऊल पुन्हा कधी सरळ पडलं नाही.

बाबा म्हणाले, मी झोपलो होतो, मला ऐकू आलं नाही.

आमचं घर किनाऱ्यापासून पाचवं. त्या ठोक्यांनी आमच्या डालग्यातल्या कोंबड्या जाग्या होत. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची, गाढ झोपलेली, त्यामुळे माझी साक्ष काहीच कामाची नाही. पण हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. बाबांनी ऐकलं होतं की नव्हतं? विचारायची छाती कुणाची होणार? त्यानंतर बाबा रापणीतून उठले, ट्रॉलरवर काही गेले नाहीत, दोघांना पुरेल अशी पात घेतली आणि नऊ वर्षं आमच्या होडीला वाडीतल्या कुणाचाही खांदा लागला नाही. वाडीने आम्हाला वाळीत टाकलं, असं मी धरून चालले होते.

हे सगळं मी मेस्तांना सांगितलं नाही. परक्या माणसाला घरचं काय म्हणून सांगायचं?

तिसऱ्या दिवशी मेस्त पडवीवर बसले. बाबा समोर, जयवंत खांबाला टेकून, आई आत चुलीपाशी पण कान बाहेर.

"सपाट मी बांधणा नाय," मेस्त म्हणाले. "ह्या लाटांत ती एक दीस उलटतली आणि मगे माझा नाव निघतला. खोल बांधतंय. पण कणो किती खोल घेवचो, लाकूड किती जड घेवचा, ता वर ओढतल्या माणसांवर आसा. खांदे किती?"

जयवंत आपली नखं बघू लागला. बाबांनी मिशीवर हात फिरवला. त्यांच्या ओठांवर 'दोन' येऊन थांबलेलं मला दिसलं आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सपाट होडी लाटांसाठी नव्हतीच. ती ठोका मारायला लागू नये म्हणून होती. आणि त्यासाठी हा माणूस पोटच्या पोराला घेऊन त्या लाटांत उलटायला निघाला होता. मला इतका राग आला की हातातल्या कपबशा मी खाली आदळून ठेवल्या.

"चवदा," मी म्हणाले.

चौदाच का, ते मला आजही सांगता येणार नाही. रापणीच्या होडीला चौदा लागत, तोच आकडा तोंडात आला असावा.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना एवढंच म्हणायचं होतं की पोर खोटं बोलते, आमच्या दारात चौदा माणसं येत नाहीत, दोनच आहेत. पण ते खाडीपलीकडच्या माणसासमोर कसं म्हणणार? गावातल्या गावात काय वाट्टेल ते असो, आपल्या होडीला खांदा द्यायला कुणी नाही हे परक्याला सांगायचं म्हणजे मेल्याहून मेलं. मेस्त त्यांच्या उत्तराची वाट बघत राहिले.

"चेडू सांगता तसा," बाबा शेवटी म्हणाले.

मेस्त गेल्यावर आईने मला जे फैलावर घेतलं ते सगळं लिहीत नाही. "जिभेक हाड नाय तुझ्या," ती म्हणाली. "आता चवदा माणसां काय तू पिठाची करतलंस?" चार दिवसांनी जेवताना बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "होडी पाण्यात गेली नाय, तर ती आसा तशी बंदरात इकतलंय. मी आणि जयवंत ट्रॉलरवर. तुमी दोघी थंय खोली घेऊन ऱ्हवतल्यात. ह्या घराक कुलूप." जयवंतच्या हातातला घास तसाच राहिला. ती रात्र मी कुशी बदलत काढली.

माडांच्या कडेला झापांचा मांडव उभा राहिला आणि काम सुरू झालं. भीती होती, तरी मी बघायला रोज जायचे. आधी कणा, मग त्याला जोडलेली नाळ, मग दोन्ही बाजूंना वाकवलेल्या लाकडांच्या फासळ्या. मेस्त फळी विस्तवाच्या धगीवर धरत, वर ओलं गोणपाट ठेवत आणि ती हळूहळू वळे. मी शंभर प्रश्न विचारी. ही फळी इथे रुंद का? मागे निमुळती का? ते न कंटाळता सांगत. होडी दिवसागणिक मोठी होत होती आणि माझं खोटंही तिच्याबरोबर.

पौष संपत आला तेव्हा मी सूप परत करायच्या निमित्ताने आपाकाकांच्या घरी गेले. आमचं त्या घराशी जाणं-येणं तुटलेलं नव्हतं, गणपतीही एकत्रच असे. फक्त ते दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नसत. जे काही असेल ते माझ्यामार्फत जाई. मी त्या दोघांमधलं पोस्ट ऑफिस होते म्हणा ना.

आपाकाका ओट्यावर वाकडा पाय लांब करून जाळं विणत बसले होते.

"काका," मी म्हणाले, "आमच्या होडयेक कोण खांदो देवक येत नाय. ता तुमी सगळ्यांका सांगून ठेवलास म्हणान?"

त्यांनी सुई थांबवली. "मी? मी कोणाक काय सांगतलंय?"

"मगे येत कित्याक नाय?"

"तुझ्या बापाशीन कधी ठोकल्यान?"

नऊ वर्षांत एकदाही आमच्या नाळेवर मोगरी वाजली नव्हती. ही एवढी साधी गोष्ट, आणि शंभर प्रश्न विचारणाऱ्या माझ्या कधी लक्षात आली नव्हती.

"न ठोकता कोण कसो जातलो?" आपाकाका म्हणाले. "लंगडो मी झालंय. तो नाय झालो."

"पण ठोकल्यानी तर येतले?"

त्यांनी जाळ्याची गाठ ओढून घट्ट केली. "माझ्याकडे तेका विचारूक एकच गोष्ट आसा," ते म्हणाले, "आणि ती मी विचारूचंय नाय. जा आता. सूप थंय आत ठेव."

येतील की नाही, ह्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. घरी येऊन मी बाबांना सांगितलं, "आपाकाका म्हणतत, तुमी कधी ठोकल्यातच नाय." पोस्ट ऑफिसने पत्र पोचवलं. बाबा उठून मागच्या परसात गेले आणि अंधार पडेपर्यंत लाकडं फोडत राहिले. चूल तीन महिने पेटेल एवढी लाकडं त्या दिवशी फुटली.

माघी पौर्णिमेला उधाणाची भरती होती. सकाळी अकराच्या सुमाराला पाणी सगळ्यात वर येणार, तेवढ्यात होडी मांडवातून निघून पाण्याला लागायला हवी, नाहीतर पुढच्या उधाणापर्यंत पंधरवडा थांबणं. बाबा आदल्या दिवशी बंदरात गेले होते, ओळखीचे खलाशी मिळतात का बघायला. खलाशी सगळे समुद्रात. बाबा परतले ते खांद्यावर साखळीची पुली घेऊन.

सकाळी नऊला होडीखाली ओंडके टाकले, त्यांना मोरी माशाचं तेल चोपडलं. बाबांनी आणि जयवंतने खाली ओल्या वाळूत एक मोठा नांगर पुरला, त्याला पुली बांधली आणि साखळी होडीला लावली. म्हणजे नांगर होडीला खाली खेचून घेणार, असा बेत. दोघांनी साखळी ओढायला सुरुवात केली. साखळी ताणली, कुरकुरली, होडीने अंग जरा हलवल्यासारखं केलं, आणि मग वाळूतून नांगरच वर आला. दुसऱ्यांदा आणखी खोल पुरला. दुसऱ्यांदाही नांगरच आला.

मला हसू आलं, पण ते गिळलं. कारण वाडी बघत होती. प्रत्येक ओट्यावर कुणी ना कुणी उभं होतं. जाळं विणायचं सोडून, भांडी घासायची सोडून उभी असलेली माणसं. कुणी एक पाऊल पुढे टाकत नव्हतं. पूर्वी मला ह्यात वाडीचा राग दिसला असता. आता दिसलं की ती सगळी ठोक्याची वाट बघत होती, आणि त्यांच्या वाट बघण्यात पाणी चढत होतं.

सव्वादहाला लाट ओंडक्यांच्या टोकाला शिवून गेली. मेस्त मांडवाच्या खांबाला टेकून विडी ओढत होते. त्यांनी मोगरी उचलली, बाबांपाशी आले आणि ती त्यांच्या हातात दिली.

"चवदा खांदे खंय आसत, वासुदेवानू?"

बाबांनी मोगरी घेतली. नाळेपाशी गेले. हात वर केला आणि तसेच उभे राहिले. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. माझ्या बापाला मी वादळातून होडी आणताना पाहिलं आहे, तेव्हा तो असा अडला नव्हता. मला त्यांची दया आली आणि माझा आकडा मागे घेता आला असता तर मी घेतला असता.

मग त्यांनी ठोकलं. एक. दोन. तीन. इतकं हळू की दारावर पाहुणा आल्यासारखं.

कुणी हललं नाही. लाट आली आणि गेली. आईने तोंडाला पदर लावला.

मग वरच्या घरातून आपाकाका निघाले. वाळूत वाकडं पाऊल टाकत, काठी रुतत, सोडवत, त्यांना आमच्या मांडवापर्यंत यायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ सगळी वाडी त्यांच्याकडे बघत होती. ते नाळेपाशी येऊन थांबले. दोघा भावांमध्ये एक हाताचं अंतर होतं. आपाकाकांनी आपला प्रश्न विचारला नाही.

"आपा," बाबा म्हणाले. "त्या दिशी मी ऐकलेलंय."

आपाकाकांनी काठीवरची पकड बदलली.

"जागो होतंय. ओट्यावर बसान ऐकलंय. तिन्ही ठोके." बाबांनी मोगरी खाली टेकवली. "रागान नाय इलंय."

नऊ वर्षं मला जे हवं होतं ते उत्तर हे. ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं. ठोका ऐकूनही जो खांदा लावायला गेला नाही, तो माणूस कुठल्या तोंडाने दुसऱ्याला ठोका देणार? बाबांना वाडीचा राग कधी नव्हताच, स्वतःची लाज होती.

आपाकाकांनी काठी वाळूत रोवली. आपल्या डाव्या पावलाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "मगे आता इतक्या हळू कित्याक ठोकतस? खालच्या घरांक ऐकाक जाणा नाय. परत ठोक."

बाबांनी ठोकलं. ह्या वेळी झापांवरचे कावळे उडाले.

माणसं आली. आपाकाकांचे दोघे मुलगे उड्या मारतच आले. खालच्या टोकाचा भालू तांडेल तोंडातला घास चावत आला. कुणी लुंगी वर खोचत, कुणी हातातली सुई तशीच कानामागे अडकवून. कुणी बाबांच्या पाठीवर थाप मारली नाही. आले आणि होडीला चिकटले, जसे काही कालही आले होते. काठी तिथेच सोडून आपाकाकांनीही नाळेखाली खांदा घातला. मी मोजत होते. मोजल्याशिवाय मला राहवेना. बाबा आणि जयवंत धरून तेरा.

"चवदा सांगलेलंस," मेस्त माझ्या शेजारी येऊन म्हणाले. "चवदावो खंय?"

आमच्याकडे बायका दोरीला असतात, खांद्याला नाही. पण तिथे दोरी नव्हती. मी पदर खोचला आणि मागच्या बाजूला भालूच्या पुढे खांदा लावला. लाकूड ओलं होतं आणि मोरीच्या तेलाचा वास नाकात गेला. आपाकाकांनी हाळी दिली. पहिल्या हाळीला होडी हलली नाही. दुसरीला कणा ओंडक्यावर आला. तिसरीला ती निघाली, आणि एकदा निघाल्यावर आम्हालाच तिच्यामागे धावावं लागलं. पहिली लाट तिने नाकाने दुभंगली, अगदी पांगाऱ्याच्या होडीसारखी. जयवंत तिच्यात चढून ओरडत होता, काय ते लाटांत ऐकू आलं नाही.

मेस्त त्याच दुपारी जायला निघाले. मी त्यांची अवजारांची पेटी खाडीवरच्या होडीवाल्यापर्यंत पोचवायला गेले. खोटं पोटात राहत नव्हतं.

"मेस्तांनू, मी तुमका खोटा सांगलंय. आमचे दोनच खांदे होते."

"म्हायत आसा," ते म्हणाले. "पयल्या दिशीच वाळयेत पावलां मोजलंय. दोघांचीच होती."

"मगे चवदांची कित्याक बांधलास?"

त्यांनी पेटी माझ्या हातातून घेतली. "तुझ्या बापाशीन आसत तेवढी माणसां सांगल्यान, तू होयी तेवढी सांगलंस. मी आपलो मोठो आकडो धरलंय." आणि ते होडीत बसले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना बाबा आणि जयवंत ओट्यावर चहा घेत होते. मी चुलीपाशी होते. वरच्या अंगाने रापणीच्या होडीवर ठोका पडला. एक. डालग्यात कोंबड्या फडफडल्या. दोन. बाबांनी कप खाली ठेवला. तिसरा पडायच्या आत ते ओट्यावरून उतरले होते. पायात काही घातलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. वाळूवरून धावत गेले, आणि जयवंत त्यांच्या मागे.

कपात चहा अर्धा होता. मी त्यावर बशी झाकून ठेवली.